हौशी गिटारवादन आणि प्रगतीचे पठार

ज्याचा चरितार्थ वादनावर अवलंबून नाही, तरीही जो आवडीपोटी आणि बऱ्यापैकी नियमितपणे वाद्य हाती घेतो, त्याला या लेखात हौशी वादक म्हटले आहे. अमरावती आणि अकोला या वऱ्हाडातील दोन मोठ्या शहरांत असे गिटारवादक बँकेत, शाळेत, कृषी विद्यापीठात, दवाखान्यात आणि दुकानाच्या गल्ल्यावरही सापडतात, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांची वाटचाल नवल वाटावे इतकी सारखी असते. पहिल्या सहा महिन्यांत पाच-सहा कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडावयाचे स्वरसमूह, हातात बसतात. वर्षभरात दहा-बारा गाणी होतात. पहिल्या बोटाने सगळ्या तारा एकदम दाबाव्या लागणारा 'एफ' हा बारे कॉर्ड काही काळ वाट अडवतो आणि मग एके दिवशी वाजू लागतो. आणि त्यानंतर पाच वर्षांनी, कधी पंधरा वर्षांनीही, तीच गाणी त्याच हाताने वाजत राहतात. ही अवस्था वादकाच्या कुवतीची मर्यादा दाखवते की त्याच्या रियाजाची, हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. पहिले उत्तर खरे असेल तर करण्यासारखे काही उरत नाही आणि दुसरे खरे असेल तर बरेच काही उरते. गेल्या सव्वाशे वर्षांतील अभ्यासांचा कौल मुख्यतः दुसऱ्या उत्तराकडे आहे, मात्र त्यातही तपशिलाचे बरेच बारकावे आहेत.

प्रगती थांबल्यासारखी वाटण्याच्या अवस्थेला मानसशास्त्रात 'पठार' म्हणतात, आणि ही संज्ञा संगीतातून नव्हे, तर तारयंत्राच्या अभ्यासातून आली. विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर या अमेरिकी संशोधकांनी १८९७ आणि १८९९ साली तारयंत्र शिकणाऱ्यांच्या प्रगतीचे आलेख प्रसिद्ध केले. त्यांत संदेश पाठवण्याचा वेग सतत वाढत गेलेला दिसतो, परंतु ऐकून संदेश उतरवून घेण्याचा वेग मध्येच कित्येक आठवडे आडवा राहून मग पुन्हा चढतो. शिकाऊ तारमास्तर आधी एकेक अक्षर ओळखतो, मग अख्खा शब्द आणि मग शब्दांचे गुच्छ, आणि खालच्या पायरीची सवय पुरती मुरेपर्यंत वरच्या पायरीवर पाय ठेवता येत नाही, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. गिटारवर हेच क्रमाने एकेक बोट, मग बोटांची एक आकृती म्हणून कॉर्ड आणि मग चार कॉर्डांची मालिका एका हालचालीसारखी, असे घडताना दिसते. पुढे १९५८ साली फ्रेड केलर यांनी या पठाराला भासमान ठरवले, कारण मॉर्स लिपी शिकवण्याच्या इतर प्रयोगांत ते आढळले नव्हते. म्हणजे पठार हा शिकण्याचा अटळ टप्पा नसून काही शिकवण्यांत येणारा आणि काहींत न येणारा टप्पा आहे, आणि हौशी वादकाला दिलासा वाटावा अशी ही बाब आहे. वऱ्हाडातल्या वाचकाला पठार म्हटले की चिखलदरा आठवणार. परतवाड्याहून घाट चढून वर आल्यावर रस्ता सपाट होतो खरा, पण चढून मिळवलेली उंची हातची जात नाही, एवढ्यापुरती ही उपमा नेमकी आहे.

पठार आले असे ठरवण्यापूर्वी ते खरोखर आले आहे का, हे तपासणे आवश्यक असते, कारण मंद प्रगती आणि थांबलेली प्रगती बाहेरून सारख्याच दिसतात. सरावाचा घातनियम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार, ज्याचा पाया स्नॉडी यांच्या १९२६ सालच्या मांडणीत आहे, सरावाचे एकूण तास दर वेळी दुप्पट झाले की कौशल्यात साधारण सारख्या प्रमाणात भर पडते. रोज अर्धा तास वाजवणाऱ्याचे २० तासांचे ४० तास व्हायला ४० दिवस लागतात, तर २०० तासांचे ४०० तास व्हायला ४०० दिवस, म्हणजे तेरा महिन्यांहून अधिक काळ लागतो. पहिल्या वर्षी दीड महिन्यात जाणवलेला फरक पुढे वर्षभरात जाणवावा, हे या नियमाशी सुसंगतच आहे. पण रोज पाहणाऱ्याला स्वतःचे मूल वाढताना दिसत नाही तशी रोज वाजवणाऱ्याला ही वाढ ऐकू येत नाही. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तोच दोन मिनिटांचा तुकडा मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावा, मेट्रोनोमवर, म्हणजे ठरावीक गतीने ठोके देणाऱ्या साधनावर, तो कोणत्या गतीला न चुकता वाजला ती गती लिहून ठेवावी, आणि एका मिनिटात 'जी' व 'सी' हे दोन कॉर्ड किती वेळा स्वच्छ बदलले गेले हे मोजावे. सहा महिन्यांपूर्वीचे मुद्रण आणि आजचे मुद्रण पाठोपाठ ऐकल्यावरही फरक सापडला नाही, तरच पठाराची भाषा करावी.

फरक सापडला नाही, तर पहिला संशय हातावर न घेता वाद्यावर घ्यावा. क्रॉसमन यांनी १९५९ साली सिगार वळण्याचे यंत्र चालवणाऱ्या कामगारांचा अभ्यास मांडला, त्यात कामगारांचा वेग सुमारे दोन वर्षे वाढत राहिला आणि जिथे तो थांबला तिथे यंत्राचीच गती संपत होती. गिटारचे यंत्र वऱ्हाडात वर्षातून दोनदा तरी बदलते, ही गोष्ट येथील वादकांच्या फारशी लक्षात येत नाही. एप्रिल-मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो आणि हवेतला ओलावा नाहीसा होतो. लाकूड आकसते, नेकच्या कडेने फ्रेटची, म्हणजे आडव्या धातुपट्ट्यांची, टोके बाहेर येऊन तळहाताला टोचू लागतात, वरची फळी खाली बसते आणि तारा फ्रेटवर घासून खर्र असा आवाज येतो. मग घरात कूलर लागतो आणि त्याच्या ओल्या वाऱ्यात भिंतीला टेकवलेले तेच वाद्य काही दिवसांत ओलावा पिऊन फुगते, आणि जूननंतर पावसाळा हेच काम सावकाश करतो: फळी वर उचलली जाते, तारा फ्रेटपासून दूर जातात आणि बारे कॉर्ड दाबायला दुप्पट जोर लागतो. जुलैमध्ये अचानक 'एफ' वाजेनासा झालेल्या वादकाने आपली बोटे कच्ची राहिली असे मानण्यापूर्वी बाराव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांमधील अंतर मोजावे. पोलादी तारांच्या गिटारवर ते दोन ते तीन मिलिमीटरच्या दरम्यान असावे, आणि चारपर्यंत गेले असेल तर दोष बोटांचा नाही. नेकच्या आतली सळई, जिला ट्रस रॉड म्हणतात, पाव फेऱ्याहून अधिक स्वतः फिरवू नये, ते काम वाद्य दुरुस्त करणाऱ्यावर सोपवावे. गिटार कूलरच्या झोतात ठेवू नये, उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तर कधीच नाही, कारण त्या उष्णतेत ब्रिजचा गोंद मऊ पडतो. वाजवून झाल्यावर घामाच्या तारा कोरड्या फडक्याने पुसून वाद्य पेटीत ठेवावे. घन लाकडाच्या महाग वाद्यांना ही काळजी अधिक लागते, प्लायवूडची स्वस्त वाद्ये त्यामानाने सोशिक असतात, आणि वऱ्हाडाच्या हवेत ही त्यांची जमेची बाजू मानायला हरकत नाही.

वाद्य ठीक असूनही आलेख आडवा राहिला, तर खरे पठार सुरू झाले असे समजावे, आणि त्याचे सर्वांत सामान्य कारण कौशल्याचे यशच असते. पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर यांनी १९६७ साली कौशल्य संपादनाचे तीन टप्पे सांगितले: पहिल्यात प्रत्येक हालचाल विचारपूर्वक होते, दुसऱ्यात चुका कमी होत हालचाली एकमेकींत गुंफल्या जातात आणि तिसऱ्यात त्या आपोआप होऊ लागतात. तिसऱ्या टप्प्यावर लक्ष मोकळे होते, म्हणूनच गात गात वाजवता येते. परंतु जे आपोआप होते ते सुधारतही नाही, कारण सुधारणेसाठी लागणारे लक्ष तेथून निघून गेलेले असते. हौशी वादकाच्या यादीत 'पापा कहते हैं' किंवा 'चुरा लिया है तुमने' यांसारखी मैफिलीत हमखास चालणारी गाणी असतात, ती नातलगांना आवडतात, गॅदरिंगमध्ये टाळ्या मिळवतात आणि वादकाकडून आणखी काहीही मागत नाहीत. व्यायामाच्या क्षेत्रात ही गोष्ट कोणालाही समजावून सांगावी लागत नाही. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ साली झाली आणि तेव्हापासून या शहराच्या कित्येक पिढ्यांना आखाडा परिचयाचा आहे. रोज तेवढ्याच बैठका मारणाऱ्याचा दम टिकतो पण ताकद वाढत नाही, हे आखाड्यातले पोरही सांगते. वाद्याच्या बाबतीत मात्र रोज वाजवणे म्हणजेच रियाज, असा समज सुशिक्षितांतही घट्ट आहे.

रियाज आणि वाजवणे यांतला भेद स्पष्ट करण्याचे श्रेय अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९३ सालच्या अभ्यासाला द्यावे लागते. पश्चिम बर्लिनच्या संगीत अकादमीतील व्हायोलिनवादकांत जे सर्वोत्कृष्ट गणले गेले, त्यांनी विसाव्या वर्षापर्यंत सरासरी दहा हजार तासांहून अधिक एकट्याने हेतुपूर्वक सराव केला होता, असे त्यात दिसले, आणि पुढे या आकड्याचा जगभर मंत्र झाला. रोज अर्धा तास वाजवणाऱ्याला दहा हजार तास भरायला सुमारे ५५ वर्षे लागतील, तेव्हा हौशी वादकाने हा मंत्र सोडून दिलेला बरा. शिवाय २०१४ साली मॅकनमारा, हॅमब्रिक आणि ऑस्वाल्ड यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा संगीतातील व्यक्ती-व्यक्तींमधल्या फरकापैकी सुमारे २१ टक्के फरकच अशा सरावाने उलगडतो असे आढळले. उरलेल्यात वय, स्वभाव, उपजत देणगी आणि मिळालेली तालीम यांचा वाटा असू शकतो. दोन वादकांतले अंतर आणि एकाच वादकाची कालची व आजची अवस्था यांतले अंतर या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या लेखाचा संबंध फक्त दुसऱ्या अंतराशी आहे.

त्या दृष्टीने रॉबर्ट ड्यूक, एमी सिमन्स आणि कार्ला कॅश यांचा २००९ सालचा छोटासा अभ्यास दहा हजार तासांच्या चर्चेपेक्षा अधिक उपयोगाचा आहे. त्यांनी १७ पियानोवादकांना शोस्ताकोविचच्या रचनेतील एक अवघड तुकडा हवा तेवढा वेळ घेऊन बसवायला सांगितला आणि दुसऱ्या दिवशी तो वाजवून घेतला. किती वेळ सराव केला किंवा तुकडा किती वेळा वाजवला, याचा दुसऱ्या दिवशीच्या दर्जाशी संबंध आढळला नाही. उत्तम ठरलेल्यांचे वैशिष्ट्य असे की चूक झाली की ती नेमकी कोठे झाली ते त्यांनी लगेच शोधले, त्या जागी गती उतरवली आणि चूक नाहीशी झाल्याखेरीज पुढे गेले नाहीत. हौशी वादक नेमके उलटे करतो: गाणे सुरुवातीपासून धरतो, अडखळतो, पुन्हा सुरुवातीपासून धरतो, आणि अशा रीतीने गाण्याचा पहिला अंतरा पन्नास वेळा व अडणारी जागा पाच वेळा वाजते. आपल्याकडच्या तालमीत पलट्यांची, म्हणजे स्वरांच्या ठरावीक क्रमांची, घोटणी विलंबित लयीत सुरू करून मगच दुगुन-चौगुन करण्याची शिस्त आहे, आणि त्या शिस्तीमागचा विचार हाच आहे.

अर्ध्या तासाचा रियाज यावरून असा आखता येतो. पहिली दहा मिनिटे, हात आणि लक्ष दोन्ही ताजे असताना, फक्त अडणाऱ्या दोन मापांना द्यावीत, आणि ती मापे चुकणार नाहीत इतक्या संथ गतीला वाजवावीत, मग ती गती कितीही लाजिरवाणी वाटो. पुढच्या दहा मिनिटांत तीन वेगवेगळे तुकडे आळीपाळीने घ्यावेत, एकच तुकडा सलग घोटू नये. शे आणि मॉर्गन यांनी १९७९ साली दाखवल्याप्रमाणे अशा मिसळलेल्या सरावात त्या वेळची कामगिरी निकृष्ट दिसते पण नंतर ती अधिक टिकते, आणि सलग घोटल्याने येणारे समाधान बरेचसे त्याच बैठकीपुरते असते. शेवटची दहा मिनिटे मनसोक्त वाजवण्याची. ती वगळली तर हौस संपते आणि हौस संपली की बाकीची वीस मिनिटेही संपतात. एका महिन्यात एकच नवी मागणी स्वतःपुढे ठेवावी, मग ती पिक सोडून बोटांनी तारा छेडण्याची असो, ऐकून चाल उतरवण्याची असो किंवा एखादे गाणे तीन फ्रेट वर नेऊन वाजवण्याची असो.

नव्या पद्धतीचा एक परिणाम आधीच माहीत असलेला बरा, तो असा की पहिले काही आठवडे वादन पूर्वीपेक्षा बिघडते. वेन ग्रे आणि जॉन लिंडस्टेट यांनी २०१७ साली पठार, घसरण आणि झेप ही तीन चिन्हे एकत्र पाहावीत असे सुचवले: पठार हे वापरात असलेल्या पद्धतीचे असते, ती बदलली की आधी घसरण होते आणि नवी पद्धत अंगी मुरली तरच झेप येते. घसरणीच्या काळातच बहुतेक जण जुन्या सवयीकडे परततात, त्यामुळे बदल कधी करावा याला महत्त्व आहे. गणेशोत्सवाच्या किंवा विद्यापीठाच्या युवक महोत्सवाच्या तोंडावर उजव्या हाताची ठेवण बदलायला घेऊ नये. वऱ्हाडात यासाठी दिवाळीनंतरचा काळ उत्तम, कारण कार्यक्रम थोडे असतात, हवा थंड असते, बोटे घामाने घसरत नाहीत आणि वाद्यही स्थिर असते. उन्हाळ्यात रियाज पहाटे करावा, आणि कान तयार करण्याचा सराव कूलर सुरू होण्यापूर्वी, कारण त्याच्या घरघरीत तारांचे बारीक दोष हमखास बुडतात.

चाळिशी-पन्नाशीत गिटार हाती घेणारे वयाची सबब पुढे करतात, ती अर्धीच खरी आहे. क्रॅम्पे आणि एरिक्सन यांनी १९९६ साली तरुण आणि वयस्क पियानोवादकांची तुलना केली, त्यात वयस्क हौशी वादकांचा बोटांचा वेग वयाबरोबर उतरलेला दिसला, परंतु ज्या वयस्क व्यावसायिकांनी नियमित सराव टिकवला होता त्यांच्या वादनकौशल्यात घट फारच कमी होती. दुखण्याच्या बाबतीत मात्र कोणत्याही वयात हेका धरू नये: बोटांच्या टोकांची जळजळ काही आठवड्यांत घट्टे पडले की जाते, पण मनगटातील कळ, अंगठ्याच्या मुळाशी येणारा ठणका किंवा बोटांना येणाऱ्या मुंग्या हे थांबण्याचे आणि डॉक्टरांना दाखवण्याचे कारण आहे.

आतापर्यंतचे उपाय एकट्याने करण्याचे आहेत; परंतु वऱ्हाडातील वादकाच्या दाराशी एक शाळा आहे आणि तिच्याकडे गिटारवाले सहसा फिरकत नाहीत. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे १९०९ साली जन्मलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरी भजनाला जे रूप दिले ते त्यांच्या १९६८ सालच्या महानिर्वाणानंतरही मोझरीच्या गुरुकुंजापासून गावोगावच्या भजनी मंडळांपर्यंत चालू आहे. या मंडळांतला पेटीवादक बहुधा शेतकरी किंवा शिक्षक असतो, त्याला स्वरलिपी येतेच असे नाही, पण गिटारवाल्याला न येणाऱ्या दोन गोष्टी त्याला येतात: गायकाने धरलेला स्वर क्षणात ओळखून त्या पट्टीत शिरणे, आणि भजन रंगात येऊन लय चढू लागली की तिच्याबरोबर न अडखळता जाणे. व्हिडिओ पाहून शिकलेल्या गिटारवादकाच्या वाट्याला या दोन्ही कसोट्या कधी येत नाहीत, कारण व्हिडिओ त्याच्यासाठी थांबतो आणि त्याची पट्टीही बदलत नाही.

अशा मंडळासोबत आठवड्यातून एकदा बसायचे झाल्यास काही तयारी करून जावे. गिटार ट्यूनरवर न लावता पेटीवर लावावी, कारण जुन्या पेट्यांचे सूर प्रमाण सुरापासून थोडे सरकलेले असतात आणि तिथे पेटीच प्रमाण असते. पेटीची भाषा गिटारच्या भाषेत उतरवून ठेवावी: काळी एक ही पट्टी असेल तर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, पहिल्या फ्रेटवर लावून 'सी'च्या आकृत्या वाजवाव्यात, काळी दोन असेल तर तो तिसऱ्या फ्रेटवर न्यावा, आणि काळी चारसाठी पहिल्या फ्रेटवरच ठेवून 'जी'च्या आकृत्या घ्याव्यात. आठ मात्रांचा केहरवा आणि सहा मात्रांचा दादरा हे दोन ठेके उजव्या हातात पक्के असले की बहुतेक भजनांना साथ होते. भैरवीसारख्या रागाच्या छायेतील चालीत कॉर्ड शोधत बसण्यापेक्षा षड्ज आणि पंचम या दोनच स्वरांच्या तारा लयीत छेडत राहावे, म्हणजे चालीचा रंग बिघडत नाही. सुरुवातीला सर्वांत मागे आणि हळू आवाजात वाजवावे, जेथे हात चुकेल तेथे नुसता ठेका धरून पुढच्या समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, परत यावे. असे महिनाभर बसल्यानंतर, लय चढल्यावर हात मागे पडतो तो नेमका कोणत्या कॉर्डपाशी, हे वादकाला स्वतःला सांगता येऊ लागते, आणि पुढच्या महिन्याच्या रियाजातील पहिल्या दहा मिनिटांचा विषय तिथेच ठरतो.